चित्रपटांसाठीचे अपील न्यायाधिकरण परत आणा: महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
लोकसभा आणि राज्यसभेतील महाराष्ट्राचे सर्व सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ सदस्य जातात. आपणा सर्वांना, पक्षभेद बाजूला ठेवून, हे एकच पत्र लिहीत आहे, कारण यातली मागणी कोणत्याही एका पक्षाच्या सोयीची नाही. ४ एप्रिल २०२१ रोजी केंद्र सरकारने एका अध्यादेशाद्वारे चित्रपट प्रमाणपत्र अपील न्यायाधिकरण रद्द केले. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने, म्हणजे आपण सगळे ज्याला आजही सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याने, प्रमाणपत्र नाकारले किंवा काटछाट सुचवली, तर निर्मात्याला दाद मागण्यासाठी ती एक जागा होती. आता मंडळाचा अंतिम निर्णय पटला नाही तर थेट उच्च न्यायालयात जावे लागते. ते न्यायाधिकरण पुन्हा स्थापन व्हावे, त्याचे एक पीठ मुंबईत असावे आणि त्याच दुरुस्तीत मंडळाचा चित्रपट कापण्याचा अधिकार कायद्यातून काढून टाकावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

मी चित्रपटांचे संकलन करते. बहुतेक काम मराठीतल्या कमी खर्चाच्या चित्रपटांचे आणि माहितीपटांचे असते. मंडळाच्या परीक्षण समितीने चित्रपट पाहिल्यावर निर्मात्याच्या हाती जी यादी पडते, ती फिरून अखेर संकलकाच्या टेबलावर येते. या यादीत प्रत्येक ओळीत चित्रपटातली वेळ असते, पुढे दृश्याचे किंवा संवादाचे वर्णन असते आणि शेवटी काय करायचे ते लिहिलेले असते: काढा, आवाज बंद करा, बदला, दृश्य निम्म्याने कमी करा. वाचणाऱ्याला वाटते की एक शब्द तर गाळायचा आहे, त्यात एवढे काय? पण चित्रपटातून शब्द एकटा जात नाही. संवादाचा ट्रॅक वेगळा हाताशी असेल तर शब्दापुरती जागा मोकळी करून तिथे खोलीचा मूळ आवाज भरता येतो, तरीही नटाचे ओठ हलतच राहतात. छोट्या निर्मितीत मात्र तोवर ध्वनिमिश्रण उरकलेले असते, स्टुडिओचे पैसे संपलेले असतात आणि ध्वनिसंयोजक दुसऱ्या चित्रपटावर गेलेला असतो. मग त्या शब्दाबरोबर मागचा पाऊस, रस्त्यावरची रहदारी, संगीत, सगळेच क्षणभर बंद पडते. शब्द बदलायचा ठरला तर नटाला बोलावून ओठांच्या हालचालीत बसेल असा दुसरा शब्द डब करून घेतात, आणि लेखकाने महिनोन्महिने विचार करून लिहिलेल्या वाक्यात शेवटी तोंडात मावेल तो शब्द जातो.

दृश्य निम्म्याने कमी करण्याची सूचना याहूनही वाईट. पोलीस कोठडीतल्या मारहाणीचे दृश्य दिग्दर्शकाने लांबवलेले असते ते प्रेक्षकाला ते सहन होऊ नये म्हणून. ते निम्मे केले की सहन होण्याजोगे होते. हिंसा कमी दाखवण्याच्या नावाखाली आपण हिंसा सोसण्याजोगी करून दाखवतो, आणि माझ्या मते समाजाच्या दृष्टीने ही जास्त घातक गोष्ट आहे. सवंग मारामारीच्या चित्रपटाला त्याने काही फरक पडत नाही. तिथे दहा ठोशांचे पाच झाले तरी चित्रपट तोच राहतो. मार बसतो तो गांभीर्याने केलेल्या कामाला.

असे बदल निर्माते मान्य का करतात, हे मला अनेकदा विचारले जाते. यादी हाती येते तेव्हा प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली असते. मराठी चित्रपटाला चांगल्या वेळेचे खेळ मिळवणे किती अवघड आहे हे आपल्याला सांगायला नको. मोठ्या मिनतवारीने मिळालेले ते खेळ एकदा सोडले की पुढच्या आठवड्यात तिथे दुसरा चित्रपट लागतो. जाहिरातीवर खर्च झालेला असतो, कर्जाचे व्याज चालू असते. अशा वेळी निर्माता लेखकाला आणि दिग्दर्शकाला समजावतो, सगळे मिळून यादीवर सही करतात आणि कागदोपत्री बदल निर्मात्याने मान्य केलेले असतात. अन्याय झाल्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून न्यायालयात गेलेल्या प्रकरणांची संख्या मोजून या प्रश्नाचे मोजमाप करू नये.

या न्यायाधिकरणाचा जन्म कसा झाला ते आपल्याला मुद्दाम सांगते, कारण तो सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या एका शब्दातून झाला होता. लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार महानगरांतली श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा एक लघुपट केला होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. मंडळाने सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारले, सरकारकडे अपील केल्यावर ती दृश्ये कापण्याची अट आली, आणि अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सरकारने कापाकापीविना प्रमाणपत्र देऊ केले, तरी अब्बास यांनी प्रश्न सोडला नाही, कारण त्यांना सगळ्या पूर्वपरीक्षणाच्या व्यवस्थेचाच निकाल हवा होता. १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनेत बसते असा निकाल दिला. चित्रपट हा इतर कलांपेक्षा मनाला अधिक खोलवर हलवतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देता येते, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

हा निकाल अब्बास यांच्या विरोधात गेला असे आपण सरसकट म्हणतो. पण त्याच सुनावणीत सॉलिसिटर जनरल यांनी सरकारच्या वतीने दोन गोष्टी मान्य केल्या होत्या. प्रमाणपत्राच्या निर्णयाला कालमर्यादा घालू आणि अपील ऐकण्याचे काम सरकारकडून काढून एका न्यायाधिकरणाकडे देऊ, त्यासाठी कायदा करू. न्यायालयाने हे आश्वासन नोंदवून घेतले आणि सरकार आपल्या सचिवामार्फत न्यायदान करणे थांबवणार याबद्दल समाधानही व्यक्त केले. म्हणजे पूर्वपरीक्षणाला न्यायालयाची जी संमती मिळाली, तिच्या शेजारीच स्वतंत्र अपिलाचे आश्वासन उभे होते. ते पूर्ण व्हायला पुढे एक तप लागले. १९८१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ जून १९८३ पासून लागू झाली. त्याच दिवसापासून मंडळाच्या नावातला सेन्सॉर हा शब्द जाऊन प्रमाणन हा शब्द आला.

न्यायाधिकरणाने काय केले ते पाहावे. 'बँडिट क्वीन' या चित्रपटाला मंडळाने मोठी काटछाट सुचवली होती. प्रकरण न्यायाधिकरणाकडे गेले. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती लेंटिन, आणि त्यांच्याबरोबर तीन महिला सदस्य होत्या. बलात्कार आणि नग्न धिंड दाखवणारी दृश्ये पाहून ती वासना चाळवण्यासाठी नसून त्या अत्याचाराची घृणा यावी यासाठी आहेत, असा विचार करून त्यांनी प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले, पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचाच निर्णय उचलून धरला. २०१७ मध्ये 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' या चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारताना मंडळाने तो स्त्रीकेंद्री असल्याचे लेखी कारण दिले होते. तेही प्रकरण न्यायाधिकरणात सुटले. न्यायाधिकरणाचे सगळेच निर्णय मला पटले असे नाही. अनेकदा तिथेही काही कट कायम राहत. पण निवृत्त न्यायाधीश आणि कलेची जाण असलेली माणसे एकत्र बसून पूर्ण चित्रपट पाहत, दोन्ही बाजू ऐकत आणि कारणे लिहून निर्णय देत, आणि हे सारे उच्च न्यायालयाच्या मानाने कितीतरी कमी खर्चात होई.

ते रद्द करताना सरकारने सांगितले की काही न्यायाधिकरणांमुळे न्याय लवकर मिळत नाही, खटल्यात केवळ एक पायरी वाढते आणि खर्चही होतो. त्याच अध्यादेशाने आणखी काही न्यायाधिकरणेही बंद झाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, फारशी चर्चा न होता, अध्यादेशाचा कायदा झाला. जमिनीच्या किंवा कराच्या वादात पायऱ्या कमी करण्याला अर्थ असेलही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र उरलेली पायरी इतकी उंच आहे की बहुतेकांना ती चढताच येत नाही. वकिलाची फी, कागदपत्रे, तारखा, आणि आधीच ओझ्याखाली दबलेल्या उच्च न्यायालयात आपले प्रकरण तातडीने घ्यावे यासाठीची धडपड. तोवर प्रदर्शनाची तारीख निघून जाते.

ज्यांना परवडते ते जातात, आणि त्यांना न्याय मिळतोही, हे मान्य करायला हवे. २०१६ मध्ये पंजाबातल्या अमली पदार्थांच्या प्रश्नावरील 'उडता पंजाब'च्या प्रकरणात मंडळाने तेरा बदल सुचवले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी यांच्या पीठाने एक कट वगळता बाकी सगळे बाजूला सारले आणि ४८ तासांत प्रमाणपत्र द्यायला सांगितले. २०२४ मध्ये 'इमर्जन्सी' या इंदिरा गांधींच्या आणीबाणीवरील चित्रपटाचे प्रमाणपत्र अडून राहिले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयालाच मंडळाला निर्णय घेण्याची मुदत घालून द्यावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये 'अजेय' या उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या जीवनावर बेतलेल्या चित्रपटाला मंडळाने प्रमाणपत्र नाकारले, तेव्हा न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांनी चित्रपट स्वतः पाहिला आणि काटछाटीविना प्रमाणपत्र देण्याचा आदेश दिला. या तीन चित्रपटांमागची राजकीय दृष्टी किती वेगवेगळी आहे ते आपण जाणता. मंडळाचा हा अधिकार आज ज्याला सोयीचा वाटतो, त्यालाच उद्या तो जाचतो.

उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी दोन-अडीच तासांचा चित्रपट बसून पाहावा, हे न्यायाच्या आस्थेचे लक्षण आहे. पण ज्या न्यायालयात लोकांचे जामीन अर्ज आणि अपिले वर्षानुवर्षे पडून आहेत, तिथे हे काम त्यांच्याकडे का जावे?

आता आपल्या महाराष्ट्राकडे येते. २०२५ च्या सुरुवातीला 'चल हल्ला बोल' या चित्रपटातल्या नामदेव ढसाळांच्या कवितांवर मंडळाने आक्षेप घेतला. दलित पँथरचे संस्थापक, १९९९ चे पद्मश्री, साहित्य अकादमीने जीवनगौरव दिलेले कवी, आणि त्यांच्या कवितेची भाषा अडचणीची ठरली. ज्या कविता आपल्या विद्यापीठांत शिकवल्या जातात, ज्यांवर प्रबंध लिहिले जातात, त्या पडद्यावर ऐकू आल्या तर काय बिघडेल, याचे उत्तर मला सापडलेले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्यावरील हिंदी चित्रपट ११ तारखेला, म्हणजे महात्मा फुल्यांच्या जयंतीला, यायचा होता. तो दोन आठवडे लांबला. मंडळाने सुचवलेल्या बदलांत महार, मांग, पेशवाई हे शब्द काढण्याची सूचना होती आणि तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख होता तिथे कित्येक वर्षे असे म्हणायला सांगितले होते. जोतिरावांचे स्वतःचे लेखन ज्याने वाचले आहे त्याला ठाऊक आहे की हे शब्द त्यांच्या वाक्यांत ठायी ठायी आहेत. राज्य सरकारनेच त्यांचे समग्र वाङ्मय छापून स्वस्त दरात लोकांपर्यंत पोहोचवले आहे. ज्या जातींना गावाबाहेर ठेवले त्यांची नावेच काढली, तर अन्याय कुणावर झाला आणि कुणाच्या राज्यात झाला, हे पडद्यावर कसे कळणार?

नावे बदलायला लावण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १९३० मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने शिवाजी महाराजांवर 'स्वराज्याचे तोरण' हा चित्रपट केला. व्ही. शांताराम यांनी त्यात स्वतः महाराजांची भूमिका केली होती. स्वराज्य हा शब्द ब्रिटिश सरकारच्या सेन्सॉरला खपला नाही आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने आला. १९३५ मध्ये प्रभातनेच संत एकनाथांवर 'महात्मा' काढला, बालगंधर्व त्यात एकनाथ झाले होते. नावातून गांधीजींची आठवण होते म्हणून तो 'धर्मात्मा' झाला. ते परके सरकार होते, त्याला भीती वाटणे समजू शकते. पण २०२५ मध्ये 'जानकी विरुद्ध स्टेट ऑफ केरळ' या मल्याळम चित्रपटात अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव जानकी आहे यावर मंडळाने हरकत घेतली, केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी चित्रपट पाहिला, आणि अखेर नावाला व्ही. हे अक्षर जोडून तडजोड झाली. आपल्या घराघरांत जानकी आहेत, सीता आहेत, रुक्मिणी आहेत. त्यांच्यावर अन्याय होतो आणि त्या न्यायालयात जातात, ही गोष्ट सांगताना त्यांचे नाव घ्यायचे नाही, हे स्वतंत्र देशाच्या मंडळाला शोभणारे नाही.

घटनेच्या अनुच्छेद १९ मधील मर्यादा मी नाकारत नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्यास चिथावणी ही कारणे घटनेने दिली आहेत आणि १९५२ च्या चलचित्र कायद्यात जवळपास त्याच शब्दांत आली आहेत. प्रश्न आहे तो मर्यादा कोणी, कधी आणि कशी लावायची हा. मे १९५० मध्ये, घटना लागू होऊन चार महिने झाले असताना, दिल्लीतल्या एका साप्ताहिकाने छापण्यापूर्वी मजकूर सरकारला दाखवावा हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तेव्हापासून, आणीबाणीचा काळ वगळता, वृत्तपत्राला आधी छापण्याचे स्वातंत्र्य आहे. गुन्हा घडला तर नंतर खटला होतो. चित्रपटाला आधी परवानगी लागते. १९७० मध्ये त्यासाठी जे कारण दिले गेले ते आज किती टिकते, हा प्रश्न अमोल पालेकर यांनी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेला आहे. आज खेड्यातल्या मुलाच्या हातातल्या मोबाइलवर मंडळाने न पाहिलेल्या मालिका आणि चित्रपट जगभरातून येतात, आणि तिथे २०२१ च्या नियमांनुसार वयोगटाचे शिक्के कंपन्या स्वतःच लावतात. चित्रपटगृहात तिकीट काढून, अंधारात शांत बसून पाहणाऱ्या प्रौढ माणसावर मात्र आपण विश्वास ठेवत नाही. (आपल्या राज्यात नाटकाच्या संहितेलाही अजून परिनिरीक्षण मंडळाकडे जावे लागते, पण तो विधानसभेचा विषय आहे, म्हणून इथे वाढवत नाही.)

सुव्यवस्थेचा मुद्दा नेहमी पुढे येतो: लोक चिडतील, चित्रपटगृहे फोडतील. याचे सर्वांत चांगले उत्तर आपल्या नागपुरातून आले आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तिथल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले की शब्दांचा परिणाम मोजताना खंबीर, समंजस आणि धैर्यवान माणसाचे माप घ्यावे. डळमळीत मनाचे किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याचे नव्हे. फाळणीवरील 'तमस' ही मालिका दूरदर्शनवर थांबवावी यासाठी १९८८ मध्ये अर्ज आला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती पाहिली आणि अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरताना बोस यांच्याच मापाचा आधार घेतला. पुढच्याच वर्षी, आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात, न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले की निदर्शनांची आणि हिंसाचाराची धमकी आहे म्हणून राज्याला अभिव्यक्ती दडपता येणार नाही, तिचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. त्या चित्रपटाचे मत मला पटत नाही. आरक्षणाच्या बाजूने मी आयुष्यभर बोलत आले आहे. तरीही तो निकाल बरोबर होता असे मी म्हणते.

एक हरकत मला खरोखर अवघड वाटते आणि तिला बगल देणार नाही. काही चित्रपट एखाद्या समाजाविषयी द्वेष पसरवण्यासाठीच केलेले असतात. कात्री काढून घेतली तर त्यांना मोकळे रान मिळणार नाही का? माझे म्हणणे असे की कात्री असतानाही ते अडलेले नाहीत. मंडळावर आणि सल्लागार समित्यांवर सदस्य नेमण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, त्यामुळे कोणता द्वेष दिसतो आणि कोणता दिसत नाही हे नेमणुकांवर ठरते. द्वेषाला चिथावणी हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दंडविधान आहे, उघड सुनावणीचे न्यायालय आहे. बंद खोलीत चारपाच जणांनी दोन तासांत ठरवण्यापेक्षा ते काम तिथे झालेले बरे.

मंडळाने कापू नये, फक्त वयोगट ठरवून द्यावा, हा विचार माझा एकटीचा नाही. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनेच नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये हेच सांगितले होते. चलचित्र कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत त्यातला वयोगटांचा भाग काही प्रमाणात आला. सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या केल्या गेल्या, त्या चांगल्या आहेत. प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली, तेही चांगले झाले. न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या चित्रपटाचा सरकारला फेरविचार करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले होते. तरी दुरुस्तीच्या २०२१ च्या मसुद्यात सरकारने प्रमाणित चित्रपट पुन्हा तपासण्याचा अधिकार मागितला होता. विरोध झाल्यावर तो सोडून दिला गेला, याचे श्रेय सरकारला द्यायला हवे. पण कापण्याचा अधिकार तसाच राहिला आणि अपिलाची जागा परत आली नाही. लोकसभेत ३१ जुलै २०२३ रोजी हे विधेयक मणिपूरच्या प्रश्नावरील गदारोळात संमत झाले. त्या गदारोळामागचे दुःख मोठे होते, त्याबद्दल तक्रार नाही; परंतु ज्या कायद्यावर आपल्या राज्यातल्या एका मोठ्या उद्योगाचे आणि कलेचे भवितव्य अवलंबून आहे, त्याच्यावर सभागृहात नीट बोलणे राहून गेले ते राहूनच गेले.

म्हणून आपल्याकडून मला नेमके पुढील काम हवे आहे. चलचित्र कायद्यात दुरुस्ती सुचवणारे अशासकीय विधेयक आपल्यापैकी मंत्री नसलेला कोणीही सदस्य मांडू शकतो. वेगवेगळ्या पक्षांच्या दोघांतिघांनी मिळून मसुदा केला तर त्याचे वजन वाढेल. त्यात न्यायाधिकरण परत यावे. पूर्वी ते दिल्लीत होते, आता त्याची पीठे मुंबई, चेन्नई, कोलकाता अशा चित्रपट जिथे तयार होतात त्या शहरांत असावीत. निवृत्त न्यायाधीशाबरोबर संबंधित भाषेतल्या साहित्याची आणि चित्रपटाची जाण असलेले सदस्य हवेत, म्हणजे ढसाळांची कविता ऐकणाऱ्याला ढसाळ ठाऊक असतील. अपिलाचा निकाल ठरलेल्या दिवसांत लागावा, आणि मंडळाने मुदतीत निर्णय घेतला नाही तर प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले असे मानले जावे. मंडळाच्या अधिकारातून काढा, बदला, आवाज बंद करा हे सारे जाऊन वयोगट ठरवणे आणि प्रेक्षकाला आशयाची सूचना देणे एवढेच राहावे. तोवर जे बदल सुचवले जातात, त्यांची यादी कारणांसह प्रत्येक चित्रपटाच्या नावापुढे कोणालाही वाचता येईल अशी जाहीर व्हावी. मंडळाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही चित्रपटाचा विचार त्याच्या एकूण परिणामाच्या दृष्टीने करावा असे आहे. वेळेच्या नोंदी लावून सुट्या शब्दांची यादी करताना ते तत्त्व कसे पाळले गेले, हे लोकांना तपासता आले पाहिजे.

विधेयकाला वेळ लागेल. त्याआधी प्रश्नोत्तराच्या तासासाठी माहिती व प्रसारण मंत्र्यांना तीन गोष्टी विचारता येतील. न्यायाधिकरण बंद झाल्यापासून मंडळाच्या निर्णयांविरुद्ध किती प्रकरणे कोणकोणत्या उच्च न्यायालयांत गेली आणि प्रत्येकाला किती दिवस लागले? याच काळात किती चित्रपटांना बदल सुचवले गेले, आणि त्यांपैकी मराठी किती? अब्बास प्रकरणात सरकारने सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या आश्वासनाचा विचार न्यायाधिकरण रद्द करताना झाला होता का, आणि झाला असल्यास त्याची नोंद कुठे आहे?

विधेयकाच्या मसुद्यासाठी संकलक, लेखक, ध्वनिसंयोजक आणि छोटे निर्माते यांचे अनुभव एकत्र करून द्यायला मी आणि माझे सहकारी तयार आहोत. आपल्यापैकी जे कोणी वेळ देतील त्यांच्या मतदारसंघातल्या कार्यालयात आम्ही स्वतः येऊ, आणि येताना कापण्यापूर्वीचे आणि कापल्यानंतरचे एखादे दृश्य दिग्दर्शकाच्या परवानगीने दाखवायला आणू.

आपली,
एक चित्रपट संकलक
पुणे